टेकू गवताच्या उंचीचा

दोनशे मीटरवर उभ्या असलेल्या जनावरावर रायफलच्या दुर्बिणीतून नेम धरला की आपलं शरीर किती हलतं ते कळतं. दुर्बिणीतली फुली खांद्यामागे आणावी तर ती तिथे ठरत नाही. श्वासाबरोबर वर जाते, खाली येते. हृदयाच्या ठोक्यागणिक लहानसा हिसका देते. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीक थरथर असते, सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारी. ती भीतीची नसते. जिवंत माणसाच्या स्नायूंत ती कायमच असते, एरवी जाणवत नाही इतकंच. दुर्बिणीमुळे हलणं वाढत नाही, ते दिसायला लागतं.

याचा हिशेब साधा आहे. रायफल साधारण मीटरभर लांब असते. दस्ता खांद्याला घट्ट टेकलेला आहे आणि नळीचं टोक फक्त एक मिलिमीटर बाजूला गेलं, असं धरू. शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला पडेल, दोनशे मीटरवर वीस. हरणाच्या आकाराच्या जनावराचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जो भाग होतो, तो सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे नाश्त्याच्या लहान ताटलीएवढा. नेम बरोबर मध्यावर असला तरी कडेपर्यंत दहाच सेंटिमीटर उरतात. दोनशे मीटरवर नळीचं टोक अर्धा मिलिमीटर सरकलं की ती जागा संपली. त्यापलीकडे पोट आहे, पाय आहेत, जबडा आहे. पोटात गोळी बसलेलं जनावर पडत नाही. ते पळतं, कुठेतरी झुडपात बसतं आणि तासन्‌तास जिवंत राहतं. रक्ताचा माग पुसट झाला तर ते कुणालाच सापडत नाही.

म्हणून शिकारीच्या साहित्यात ज्या वस्तूला मी सर्वांत जास्त मान देतो ती रायफल नव्हे, दुर्बीणही नव्हे. ती आहे टेकू. रायफलचा पुढचा भाग ज्यावर ठेवायचा तो, पाठीवर किंवा हातात घेऊन जाता येईल असा आधार.

इथे कोणी विचारेल, आणि रास्त विचारेल, की ऑलिंपिकमधले नेमबाज कुठे टेकू वापरतात? कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला आपला स्वप्नील कुसळे २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तिन्ही स्थितींत खेळला आणि कांस्यपदक घेऊन आला. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्याने. त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. दोनशे मीटरवर नेलं तर ते जेमतेम चार सेंटिमीटरचं होईल, हरणाच्या काळजाच्या भागाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. आणि रायफलखाली कसलाही स्टँड नाही.

पण त्या खेळाडूच्या अंगावर ताठ, जाड जाकीट असतं. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली गुंडाळी ठेवलेली असते. बसून आणि झोपून मारताना पट्टा दंडाला आवळलेला असतो. जमीन सपाट, अंतर ठरलेलं, श्वास निवलेला आणि मागे कित्येक वर्षांचा रोजचा सराव. शिवाय कागद हलत नाही. त्याचा नेम चुकला तर दहाऐवजी आठ गुण मिळतात. शिकारी मात्र टेकडी चढून धापा टाकत आलेला असतो, त्याच्या पायाखाली दगड असतात, त्याला दहा-पंधरा सेकंद मिळालेली असतात आणि समोर जीव असतो. ज्याला आपल्या उघड्या हातांवर भरवसा आहे त्यानेही अशा वेळी आधार शोधावा. मी स्वतः क्लबात वर्षानुवर्षं कागदावर नेम धरला आहे, म्हणूनच हे ठामपणे म्हणतो.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला, आणि ते योग्यच झालं. इथे हौसेची शिकार हा गुन्हा आहे. पण जगात अनेक ठिकाणी परवाना, ठरलेला हंगाम आणि मोजून दिलेली जनावरं अशा चौकटीत शिकार चालते. तिथे टेकूची निवड हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. मला तो समजला अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये.

क्लबातला एक जुना मित्र तिकडे स्थायिक झाला आहे. एका शरदात त्याच्याबरोबर मी प्राँगहॉर्नच्या शिकारीला निव्वळ बघ्या म्हणून गेलो. प्राँगहॉर्न दिसायला आपल्या काळविटाच्या जवळचं, पण ते खरं हरीणही नाही आणि काळवीटकुळातलंही नाही. त्याच्या कुळातला तो एकटाच उरलेला प्राणी. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पळतो. नजर विलक्षण. वायोमिंगइतके प्राँगहॉर्न अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. मुलूख उघडा, झाड नावाला नाही, वारा सतत. आणि जमिनीवर सेजब्रश नावाचं राखाडी हिरवं झुडूप, कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढं. मधूनमधून आपल्या माळावरच्या फड्या निवडुंगाचे सख्खे भाऊबंद पसरलेले.

मित्राने रायफलला नवाकोरा बायपॉड लावला होता. नळीखालच्या लाकडाला जिथे पट्ट्याची कडी बसते तिथे अडकवायचे दोन घडीचे पाय. त्याचा मापाचा पल्ला होता १५ ते २३ सेंटिमीटर. रेंजवर पालथं पडून मारताना हे माप सुरेख चालतं. रायफल जणू ओट्यावर ठेवल्यासारखी स्थिर. आम्ही उताराच्या आडून अर्धा तास सरपटत गेलो, निवडुंगाचे काटे कोपरांत घेत. शेवटच्या चढावर पोचलो तेव्हा नर साधारण एकशे ऐंशी मीटरवर आडवा उभा होता. मित्र पालथा पडला, पाय उघडले, दुर्बिणीला डोळा लावला आणि त्याला दिसली फक्त सेजब्रशची पानं. डोकं वर केलं तर जनावर दिसतं, रायफलमागे गेलं तर दिसत नाही. तो उठून बसला. आता बायपॉडचे पाय जमिनीच्या वर हवेत लोंबकळत होते. पाठपिशवी उभी करून त्यावर रायफल ठेवली, तीही कमी पडली. तोवर नराने पुठ्ठ्यावरचे पांढरे केस फुलवले, जो त्यांचा धोक्याचा इशारा असतो, आणि कळप धुळीसारखा उडून गेला.

मित्राने बार काढला नाही. बसल्या बसल्या, कोपर गुडघ्यावर टेकवून त्याला गोळी झाडता आली असती. त्याने झाडली नाही, याबद्दल मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघं जे बोललो त्याचा गाभा एवढाच होता की टेकू दुकानात किती स्थिर आहे याला काही अर्थ नाही. जिथे शिकार करायची तिथलं गवत किती उंच आहे आणि जनावर किती वेळ देणार आहे, हे दोन प्रश्न आधी. बाकी सगळं नंतर.

बंदूक चालवणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. तोड्याच्या बंदुकीच्या काळात युरोपातल्या शिपायांची जड मस्केट सात-आठ किलोच्या घरात जाई. उभ्याने ती हातावर पेलून नेम धरणं अशक्य, म्हणून प्रत्येक शिपाई बरोबर एक बेळक्याची काठी बाळगायचा. टोकाला लोखंडाचं दुबेळकं, खाली जमिनीत रुतणारी अणी. याकब द खेन या डच चित्रकाराने १६०७ साली कवायतीचं सचित्र पुस्तक काढलं, त्यात मस्केटची कवायत ४३ चित्रांत दाखवली आहे. त्या चित्रांत मला सर्वांत बोलकी वाटते ती शिपायाची कसरत. दारू भरताना, गज ठासताना, पेटती वात सांभाळताना ती काठी कुठे ठेवायची? ती डाव्या हातातच राहते, कधी मनगटाला दोरीने लोंबते. हात दोनच आणि कामं तीन. पुढे मस्केट हलकी झाली आणि सतराव्या शतकातच ही काठी रणांगणावरून निघून गेली. पण हात गुंतवणं हा टेकूचा मूळचा दोष आजही तसाच आहे.

आपल्या गडांवर बंदूकवाल्यांना हा त्रास नव्हता. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदूक रोखण्यासाठी ठेवलेली तिरपी भोकं, आडोसाही देत आणि नळीला टेकायला दगडही देत. मोकळ्या माळावर मात्र आधार बरोबर न्यावा लागतो. तिबेटच्या पठारावरच्या भटक्या शिकाऱ्यांनी यावर फार देखणा उपाय काढला. त्यांच्या तोड्याच्या बंदुकीला पुढच्या बाजूला बिजागरीवर दोन लाकडी पाय बसवलेले असत आणि पायांच्या टोकांना चिरू या तिबेटी काळविटाची सरळ, अणकुचीदार शिंगं. चालताना पाय नळीला समांतर मिटलेले, थांबलं की खाली झुकवून जमिनीत रोवलेले. आजचा बायपॉड यापेक्षा वेगळा काय आहे? फक्त स्प्रिंग आली आणि शिंगाच्या जागी रबर आलं. तिथे ही रचना रुजली कारण त्या पठारावरच्या चांगथांग भागातलं गवत बोटभर असतं. आखूड पाय पुरतात.

टेकूने सगळं चांगलंच केलं असं नाही. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवर बायसन मारणारे धंदेवाईक शिकारी दोन काठ्या एकमेकींवर ओलांडून वरच्या बाजूला बांधत आणि त्या फुलीत आपली पाच-सहा किलोंची शार्प्स रायफल टेकवून जमिनीवर बसत. इतक्या दुरून एकेक गोळी झाडली की कळपाला धोका कुठून येतो तेच उमगत नसे, तो जागच्या जागी घुटमळत राही आणि एकाच बैठकीत डझनावारी जनावरं पडत. कोट्यवधींच्या कळपांतून १८८० च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास बायसन उरले. रेल्वे, कातड्यांचा बाजार आणि सरकारी धोरण ही त्यामागची मोठी कारणं होती. पण त्या दोन काठ्या आजही शिकाऱ्यांच्या हातात आहेत, आणि त्या हातात घेताना हा इतिहास ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. काठ्या किती पायांच्या घ्याव्यात, हा पहिला वाद.

एकच काठी वरखाली हलणं थांबवते, पण रायफल डावी-उजवीकडे झुलत राहते. आल्प्सच्या डोंगरात शिकारी पुरुषभर उंचीची हेझलच्या लाकडाची काठी घेऊन चालतात, उतारावर तोल सांभाळायला. वेळ आली की तीच समोर रोवून, मुठीत धरून, मुठीवर रायफल टेकवतात. झाडाच्या खोडाशी काठी दाबून धरली तर झुलणंही बरंच कमी होतं. लाकडाची काठी दगडावर आपटली तरी धातूसारखी वाजत नाही, हा तिचा फार मोठा गुण, आणि दुकानातल्या चकचकीत मालात तो सहज विसरला जातो.

दोन काठ्यांची फुली आडवं हलणंही आवरते. ती पुढेमागे झुकते, पण रायफल किंचित पुढे रेटली की ते झुकणं बंद होतं. बसून मारायला यासारखी सोपी चीज नाही. पाठीमागे टेकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला, रायफल फुलीत, अशा बैठकीत हाडं वजन पेलतात आणि स्नायू मोकळे राहतात. स्नायू थकतो आणि थरथरतो, हाड थकत नाही. नेमबाजीत जे काही स्थैर्य आहे ते याच एका गोष्टीतून येतं.

तीन काठ्यांचं तिकाटणं आफ्रिकेच्या झुडपी रानातलं. पारंपरिक तिकाटणं म्हणजे तीन सरळ काठ्या आणि वरच्या टोकाजवळ सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी घट्ट गुंडाळलेली. माग काढणारा माणूस ते खांद्यावर घेऊन पुढे चालतो. जनावर दिसलं की एका हालचालीत पाय फाकवून ते उभं करतो आणि मागून येणारा शिकारी उभ्यानेच त्यावर रायफल ठेवतो. तिथे पालथं पडायची सोयच नाही. गवत छातीला लागतं, काटेरी बाभूळवर्गी झुडपं असतात आणि अंतर बहुधा शंभर-दीडशे मीटरच्या आत. उभ्याने मारणं हीच तिथली गरज आहे आणि तिकाटणं त्या गरजेतून आलं आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात याच्या बरोबर उलट. तिथे हेदरच्या ओल्या झुडपांतून पोटावर सरपटत लाल हरणाजवळ जातात आणि पालथ्यानेच गोळी झाडतात. तिथे आखूड बायपॉड किंवा नुसती पाठपिशवी पुरते, उंच तिकाटणं उघडलं तर सगळं खोरं बघेल.

उभ्याने तिकाटण्यावर मारताना लोक एक गोष्ट विसरतात. रायफलचं पुढचं टोक स्थिर झालं, मागचं नाही. दस्ता खांद्यात आहे, खांदा धडात, धड घोट्यांवर, आणि उभा माणूस घोट्यांवर सतत किंचित डोलत असतो. पुढचा आधार पक्का आणि मागचं टोक डोलतं, म्हणजे गोळी उलट दिशेला डोलते. म्हणून हल्ली चार पायांच्या काठ्या मिळतात, ज्यांच्यावर पुढचं लाकूड आणि दस्ता दोन्ही टेकतात. उभ्याने इतकं स्थैर्य दुसऱ्या कशानेच मिळत नाही. पण त्या उभ्या करायला जास्त वेळ लागतो, आणि जनावर चालू लागलं तर रायफल त्याच्याबरोबर फिरवणं जड जातं. जितका आधार पक्का, तितकी रायफल एका जागी बांधलेली. चालत्या जनावरामागे नेम नेण्याला एका पायाची काठी सर्वांत मोकळी पडते. सर्वांत स्थिर ते सर्वांत चांगलं, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

ट्रायपॉडचा विषय वेगळा. फोटोग्राफीतून आलेले कार्बन फायबरचे पाय, वर गोल फिरणारं डोकं आणि रायफल पकडणारा चिमटा किंवा खाच. त्यावर रायफल हात सोडला तरी राहते, दुर्बीण लावून तासन्‌तास मुलूख न्याहाळता येतो. एका जागी बसून वाट पाहणाऱ्याला तो उत्तम. पण वजन दीड ते तीन किलो, आणि चिमट्यात अडकवलेली रायफल हा धोकाही आहे. आधार म्हणजे रायफल ठेवून पाणी प्यायला जायचा स्टँड नव्हे. चेंबरमध्ये काडतूस असलेली रायफल काठ्यांवर सोडून कोणीही, एक क्षणही, दूर होऊ नये. वारा, कुत्रा, सोबत्याचा पाय, काहीही पुरतं.

बायपॉडबद्दल मित्राच्या फजितीनंतर माझं मत पक्कं झालं. तो रायफलला जोडलेलाच असतो, विसरत नाही, हात अडवत नाही, हे त्याचे गुण. पण उंची आधी ठरवा. मोकळ्या, आखूड गवतात १५ ते २३ सेंटिमीटर. सेजब्रशमध्ये किंवा आपल्या कुसळी गवतासारख्या गवतात बसून मारायचं तर ३४ ते ६९ सेंटिमीटरपर्यंत लांबणारे पाय लागतात, आणि त्यांचं अर्धा किलोच्या आसपासचं वजन रायफलच्या पुढच्या टोकाला लटकतं. साडेतीन किलोच्या रायफलचा तोल त्याने बदलतो. अचानक उभ्याने मारायची वेळ आली तर नळी खाली ओढली जाते. पाय टप्प्याटप्प्याने खाचेत अडकणारे असावेत, कारण उतारावर एक पाय लांब आणि एक आखूड लागतोच. वरचा सांधा थोडा कलता असावा, नाहीतर दगडगोट्यांवर रायफल तिरकी बसते आणि ती सरळ करण्यात जनावर निघून जातं. आणि उघडताना होणारा खटका ऐका. शांत रानात तो हातोड्यासारखा ऐकू येतो. पायांखालचं रबर खडकावर बरं, मातीत अणी बरी. खडकावर मात्र बायपॉड उसळतो, तेव्हा त्याखाली टोपी किंवा दुमडलेलं जाकीट घालावं.

यातून एक नियम निघतो, आणि तो सगळ्या टेकूंना लागू आहे. आधार नेहमी नळीखालच्या लाकडाला द्यायचा, नळीला कधीही नाही. गोळी सुटताना नळी थरारते. तिला दगड किंवा फांदी टेकलेली असली तर तो थरार बदलतो, रायफल कडक पृष्ठभागापासून उसळते आणि गोळी दुसरीकडे जाते. हलक्या प्लास्टिकच्या दस्त्याच्या रायफलींत तर बायपॉड जोरात रेटला की पुढचा भाग वाकून नळीला टेकतो, हे हाताला कळतही नाही. म्हणून ज्या टेकूवर शिकार करायची, त्याच टेकूवर रायफलची गोळी कुठे पडते हे रेंजवर आधी पाहून घ्यावं.

मराठीत आपण रोज म्हणतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली. शब्दशः हा उत्तम उंचीचा, स्वतः चालणारा, कुठेही न विसरणारा टेकू आहे. पण ज्याच्या खांद्यावर ठेवायची त्याचा कान नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर येतो. रायफलचा आवाज इतका मोठा असतो की एका बारानेही ऐकू येणं कायमचं बिघडू शकतं. शिवाय तो माणूसही श्वास घेतोच, त्याचंही काळीज ठोके देतंच. दोन शरीरांची थरथर एकत्र करून स्थैर्य येत नाही. काठ्या आहेत म्हणून हे करायची गरज नाही.

सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत प्रिय टेकू मात्र पिशवी. आणि तिचा अस्सल वापर आज आपल्याच ताडोबात पाहायला मिळतो. पहाटे जिप्सीत उभे राहिलेले छायाचित्रकार गाडीच्या कडेवर जाड कापडाची, दाण्यांनी भरलेली पिशवी टाकतात आणि त्यावर लांब लेन्स ठेवतात. ट्रायपॉडला गाडीत जागा नाही, उतरायला परवानगी नाही. पिशवी कडेवर बसते, लेन्सच्या आकाराला दबते, गाडीचं थरथरणंही थोडं पिऊन टाकते. शिकाऱ्याच्या पिशवीमागे हेच विज्ञान आहे. दाणे एकमेकांवर सरकून वस्तूला कुशीत घेतात आणि मग घट्ट होतात. वाळू सर्वांत स्थिर पण जड. तांदूळ किंवा हरभरा चालतो, पावसात मात्र भिजून फुगतो. प्लास्टिकचे बारीक मणी हलके आणि पाण्याला न जुमानणारे. परगावी जाताना पिशवी रिकामी न्यावी आणि तिथल्या किराणा दुकानातून भरून घ्यावी, ही छायाचित्रकारांची युक्ती शिकाऱ्यांनाही उपयोगी आहे.

पण पिशवीची खरी जागा रायफलच्या मागच्या टोकाखाली आहे. जुन्या जाड मोज्यात तांदूळ भरून तोंड शिवलं की झालं काम. पालथं पडून बायपॉडवर मारताना डावा हात पुढे न ठेवता मागे आणायचा, तो मोजा दस्त्याखाली धरायचा आणि मुठीने दाबत-सैल करत नळी केसभर वरखाली न्यायची. पुढचा आधार कितीही महाग असो, मागे हा मोजा नसला तर अर्धं काम राहिलेलंच आहे. पाठपिशवी पुढे आडवी टाकून आणि मोजा मागे ठेवून बायपॉडशिवायही तितकीच स्थिर रायफल मिळते, आणि पाठपिशवी तर बरोबर असतेच.

एकच वस्तू घ्यायची असेल तर मी दोन पायांच्या, बसल्या उंचीपासून उभ्याच्या उंचीपर्यंत लांबणाऱ्या हलक्या काठ्या घेईन. मित्रानेही शेवटी त्याच घेतल्या. डोंगरात चालणाऱ्यांनी तर वेगळ्या घेऊही नयेत. ट्रेकिंगच्या दोन काठ्या पट्ट्याने वरच्या बाजूला बांधल्या की तीच फुली होते, आणि दिवसभर त्या हातात चालायला कामी येतात. हात गुंतवण्याचा तो जुना दोष असा गुणात बदलतो. जिथे गवत छातीएवढं आणि सोबत काठ्या वाहणारा जाणता माणूस आहे तिथे तिकाटणं. जिथे पालथं पडता येतं आणि जनावर दूर आहे तिथे आखूड बायपॉड. ट्रायपॉड ज्याला तासन्‌तास एका जागी बसायचं आहे त्याने घ्यावा.

दुकानात तपासताना सपाट फरशीवर उभं राहून पाहू नका, तिथे सगळेच टेकू चांगले वाटतात. खाली बसा. मग गुडघ्यावर या. एका हातात रायफलऐवजी काहीतरी जड धरून दुसऱ्या एकाच हाताने पाय उघडून पाहा, थंडीचे हातमोजे घालून पाहा. काठीची फुली जास्त उंच असली तर नळी वर जाते आणि गाल दस्त्यावरून सुटतो. कमी असली तर वाकावं लागतं आणि वाकलेलं शरीर डोलतं. उभ्याने मारताना फुली छातीच्या वरच्या भागाशी यावी, इतकी की ताठ उभं राहून किंचित पुढे झुकलं की रायफल आपोआप खांद्यात बसते.

मग घरी सराव. रायफल रिकामी, चेंबर बोटाने चाचपून पाहिलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. खांद्यावरच्या पट्ट्यापासून काठ्यांवर रायफल ठरेपर्यंत, बसून दहा वेळा, गुडघ्यावर दहा वेळा, उभ्याने दहा वेळा. वायोमिंगहून मी परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मित्र अंगणात हेच करत होता. घड्याळ लावून नव्हे, डोळे मिटून. प्रत्येक काठीवर त्याने चिकटपट्टीचे तीन वेढे दिले होते, बसण्याच्या, गुडघ्याच्या आणि उभ्याच्या उंचीवर, आणि बसण्याच्या उंचीवरचा वेढा जाड ठेवला होता, म्हणजे पहाटेच्या अंधारात तो नुसता बोटाला लागला की कळावं.